शिलाई मशीनवर मावेल असा लॅपटॉप

"एवढा मोठा नको, मशीनवर मावणार नाही," सून म्हणाली आणि पर्समधून टेप काढून तिने काउंटरवरच्या लॅपटॉपची रुंदी मोजली.

"कुठल्या मशीनवर?" सेल्समनने विचारलं.

"शिलाईच्या. घरात दुसरी जागा नाही."

खरंच नव्हती. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत सासऱ्यांची खाट, तिचं मशीन आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी. संध्याकाळी तिचं काम आटोपलं, की मशीन झाकून त्यावर लॅपटॉप ठेवायचा, असं सासऱ्यांनीच ठरवलं होतं. सगळा जन्म त्यांनी ट्रक चालवला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा घरी बसले. आता या वयात त्यांना गेम खेळायचा लॅपटॉप कशाला हवा होता, ते काही केल्या सांगत नव्हते.

"वेळ जात नाही गं," एवढंच म्हणायचे.

वेळ जात नाही म्हणून कुणी बँकेतली ठेव मोडतं?

शिवाय तो प्लंबर. घरातला एकही नळ गळत नव्हता, तरी प्लंबरचा फोन रोज यायचा. मोबाइलवर ते नाव झळकलं, की सासरे गुडघे विसरून उठायचे आणि जिन्यात जाऊन दबक्या आवाजात बोलायचे. एकदा ती दाराआड उभी राहिली. "घेतो रे, नक्की घेतो," ते सांगत होते, "पैशाचं तू मनात आणू नकोस." खालच्या मजल्यावरच्या आजींना असंच कुणीतरी फोनवर गोड बोलून लुटलं होतं. म्हणून आज सासऱ्यांनी चपला घातल्या तशी तीही शिवण टाकून उठली. "बाबा, मीपण येते."

त्यांना ते फारसं आवडलं नाही, हेही तिने टिपलं.

सेल्समनने दुसरा, लहान लॅपटॉप पुढे केला. "याचा स्क्रीन छोटा आहे, पण तुमच्या बजेटमध्ये बसेल."

"ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे ना यात?" सासऱ्यांनी विचारलं. "आणि रॅम पुढेमागे वाढवता येईल?"

सून बघतच राहिली. मोबाइलचा आवाज वाढवायलासुद्धा हा माणूस तिला हाक मारत असे. हे कुणी पढवलं?

"येईल की, काका. फक्त हा जरा तापतो. खालून हवा लागली पाहिजे, कापडावर ठेवू नका."

"चालवून बघू का?"

सेल्समनने ट्रकचा गेम लावून दिला. सासऱ्यांनी मोबाइल सुनेकडे दिला आणि ते स्टुलावर टेकले. ट्रक मागे घेताना त्यांची मान आपोआप उजवीकडे वळली, जणू तिथे आरसा होता. बाजूचं जग त्यांच्यासाठी संपलंच.

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल थरथरला. प्लंबर.

ती दुकानाच्या दारापर्यंत गेली. आता याची चांगली हजेरी घ्यायची, असं ठरवून तिने फोन कानाला लावला. आधी तो काय बोलतो ते ऐकावं, म्हणून गप्प राहिली.

"बाबा, घेतला का?"

आवाज तिच्या नवऱ्याचा होता.

तो दूर परगावी वेल्डरचं काम करत होता. दर रविवारी त्याचा तिला फोन यायचा, तो त्याच्या नेहमीच्या नंबरवरून; हा दुसरा नंबर प्लंबर या नावाने ठेवलेला होता. मी मजेत आहे, तू कशी आहेस, चल ठेवतो. जेवढ्यास तेवढं.

"लहानच घ्या," तो सांगत होता. "तिच्या मशीनची अडचण करू नका. इथे खोलीतला एकजण संध्याकाळी त्याचा लॅपटॉप मला देतो. तुमचा ट्रक पुढे, माझा मागे. खेळता खेळता लॅपटॉपवरूनच तुम्ही नुसते माझ्याशी बोलत राहा, बाबा. झोप येत नाहीये हो मला. डोळे मिटले की छातीत धडधडतं. तुमच्याशी बोललो की तेवढं बरं वाटतं. तिला काही बोलला नाहीत ना? नका बोलू. तिच्यापुढे मला रडायचं नाहीये. बाबा? ऐकताय ना?"

"हं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

फोन बंद झाला.

सासऱ्यांना कुणी लुबाडत नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण ती दारातच उभी राहिली. आत येणाऱ्या गिऱ्हाइकाने "जरा सरकता का?" असं दोनदा विचारलं, तेव्हा कुठे ती बाजूला झाली. रविवारी आपण काय काय बोलतो, ते ती आठवत होती. गॅस संपला, पाहुणे येऊन गेले, पैसे पोचले.

ती परत आली तेव्हा सासरे तिच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. स्क्रीनवरचा ट्रक रस्ता सोडून शेतात गेला होता.

"प्लंबर होता," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"लहानच घ्या म्हणाला."

सासरे मान खाली घालून गुडघा चोळत राहिले. ती अजून काही विचारेल, म्हणून थांबले असावेत. तिने पर्समधून टेप काढून लहान लॅपटॉपची रुंदी मोजली.

सेल्समनने लहान लॅपटॉप खोक्यात भरला. मग वरच्या फळीवरून एक चपटा डबा काढून त्याच्यावर ठेवला. "हा हेडफोन फ्री आहे, काका. कानाला लावून बिनधास्त खेळा, घरात कुणाला आवाज जाणार नाही."

सासऱ्यांनी डब्याकडे हात नेला. सुनेने तो उचलून सेल्समनपुढे परत ठेवला.

"हेडफोन राहू द्या," ती म्हणाली. "याच्या स्पीकरचा आवाज किती मोठा होतो, ते दाखवा."