गोजरबाईची डबी

रोहिणखेडला एस.टी.तून उतरल्यावर कोकिळेने पिशवीतलं पाकीट तिसऱ्यांदा चाचपलं. बुलढाण्याहून आलेला गोजरबाईच्या थुंकीचा रिपोर्ट त्यात होता. पाकीट रुग्णासमोरच फोडायचं, हा आरोग्य मंडळाचा नियम. आधीचे दोन रिपोर्ट साफ आले होते. हा तिसराही साफ आला, तर गोजरबाई दीड वर्षांनी शेतातल्या खोपीतून घरी जाणार होती. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून गोळ्या आणि पुन्हा तीच खोपी.

कोकिळा मोताळ्याच्या आरोग्य मंडळाची सेविका. क्षयाच्या रोग्यांना गोळ्या पोचवायच्या, दूधभुकटी द्यायची, खाणं, झोप, ऊन यांचे धडे द्यायचे आणि मुख्य म्हणजे त्यांना धीर सोडू द्यायचा नाही, हे तिचं काम. धीर देता देता तिचा स्वतःचाच कधी कधी संपायचा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात एका तरण्या सुनेच्या रोगाची बातमी बाहेर फुटली. आठ दिवसांत तिला माहेरी धाडलं आणि दिवाळीच्या आत नवऱ्याने दुसरी केली. कोकिळा त्या घराच्या उंबरठ्यावर भांडभांड भांडली. उपयोग शून्य.

त्या मानाने गोजरबाईचं बरं होतं. सासूला कोण माहेरी धाडणार?

ती आपणहून मोताळ्याला आली होती. कोकिळेने गावात सांगितलं होतं त्याप्रमाणे पहाटेचा बेडका डबीत घालूनच आली. "मले खोकला हाय, बाई. हे तपासा." डॉक्टरांनी छाती तपासायला नळी काढली, तर तिने पदर घट्ट आवळला. "परक्या मानसापुढं? जीव गेला तरी नाही." डबीत जंतू निघाले, त्यामुळे छातीवाचून भागलं.

पण बाई मोठी खट. स्वतः खोपीत राहायला गेली ती सुनेला सेवेला घेऊन. वर्षाचं लेकरू घरी टाकून अन्नपूर्णा सासूच्या मागे निमूट निघाली. लोक म्हणायचे, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे असतात. इथे आठही सासूचेच.

कोकिळेने किती वेळा तोंड वाजवलं होतं.

"दिवसातून एकदा तरी तिला लेकराकडे जाऊ द्या, मावशी."

"ते गेली त मले पानी कोन देईन?"

"अहो, रोग लागला म्हणजे तिला?"

"तिची फिकर मले हाय. तू गोळ्या आन."

अशा बाईशी काय बोलणार? बरं, अंडी-दूध खाऊनही ती होती तशीच काटकुळी. उलट खोपीत आली तेव्हा नुसती हाडं असलेली अन्नपूर्णा दिवसरात्र राबूनही भरली होती, गालांवर तकाकी आली होती. मोकळ्या हवेचा गुण, असं कोकिळेने आपल्या वहीत लिहून ठेवलं होतं.

बांधावर कोकिळा दिसताच गोजरबाई नेहमीसारखी खोकायला लागली. खोपीबाहेर अन्नपूर्णा कापूस निवडत बसली होती. दूर कडुनिंबाखाली गोजरबाईचा मुलगा शेषराव लेकराला कडेवर घेऊन उभा होता. लेकराला खोपीजवळ आणायचं नाही, ही कोकिळेचीच सक्त ताकीद होती.

"गोळ्या चुकल्या नाहीत ना, मावशी?"

"एकबी वाया नाही गेली. फोड माय ते पाकीट. माहा जीव थाऱ्यावर नाही."

कोकिळेने पाकीट फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिला अक्षरंच दिसेनात, डोळे इतके भरून आले.

"साफ! मावशी, एकही जंतू नाही. सुटलात!"

अन्नपूर्णेच्या हातातला कापूस गळून पडला. गोजरबाई मटकन खाली बसली. पदरात तोंड खुपसून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. कोकिळेच्याही उरावरचं ओझं उतरलं. एक तरी बाई आपल्या हातून वाचली म्हणायची! त्या आनंदात म्हातारीवरचा सगळा राग ती विसरून गेली.

"आता लेकराले जवळ घेतलं त चालते?" गोजरबाईने डोळे पुसत विचारलं.

"खुशाल घ्या."

"मुका घेतला त?"

"शंभर घ्या, मावशी."

"पक्कं सांगून राह्यली ना?"

"कागदावर लिहून आलंय. डॉक्टरांची सही आहे खाली."

गोजरबाई उठली आणि चक्क धावत सुटली. कडुनिंबापर्यंत गेली, शेषरावच्या कडेवरून नातू ओढून घेतला आणि तशीच धावत परत आली. ना धाप, ना खोकला. कोकिळेला हसूच आलं. आता म्हातारी नातवाचे पटापटा मुके घेणार, म्हणून ती कौतुकाने बघत राहिली.

गोजरबाईने नातू अन्नपूर्णेच्या मांडीवर ठेवला.

"घे पोरी, पोटभर मुके घे त्याचे," ती म्हणाली. "तुहा रिपोट साफ आला."