शिखरावरची वही

“तू देवळात बस, एर्मिनिया. बाराची घंटा झाली की मी खाली आलोच.” दरवर्षी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बेर्गामोहून बसने डोंगराच्या पायथ्याशी पोचलं की बत्तिस्ता बायकोला हेच सांगायचा आणि एकटाच कांतो आल्तो चढायचा. तिला उंचीची भीती वाटे. ती खाली जपमाळ ओढत बसे.

बत्तिस्ता वारला त्याच वर्षी शिखरावरच्या क्रुसाजवळची वही भरली. नाव नोंदवायची ती वही गिर्यारोहण मंडळाचे चेलेस्तीनो खाली घेऊन आले आणि तिच्यापुढे उघडून म्हणाले, “वहिनी, अकरा वर्षं वर नाव लिहिताय, पण वाटेत एकदाही दिसला नाहीत. उडत जायचात की काय?”

तिने पाहिलं. अकरा पानांवर नवऱ्याचंच अक्षर होतं: ‘बत्तिस्ता आणि एर्मिनिया.’

“मी कधी चढलेच नाही हो. ह्यांनी खोटं लिहिलंय.”

“असू द्या. प्रेमानंच लिहिलंय ना?”

“प्रेमानं लिहिलं म्हणून देवाच्या दारात ते खरं होत नाही. आणि माणूस तर गेला. आता निस्तरणार कोण?”

त्या संध्याकाळी तिने मेरीमातेपुढे मेणबत्ती लावून शब्द दिला.

पुढच्या रविवारी देवळातली सकाळची मिस्सा आटोपून ती बसने पायथ्याशी उतरली आणि कुणाला न सांगता पायवाटेला लागली. ही पहिली खेप होती. अजून दहा बाकी होत्या.