पिवळा दिवा

जूचंद्रच्या गारठ्यात शेजारच्या विपुलची पिकअप रडत होती, चालू होत नव्हती. “काकू, बॅटरी बदलली, फिल्टर बदलला. काकांच्या हाती एका किल्लीत चालू व्हायची, म्हणून तर ते गेल्यावर तुमच्याकडून घेतली. आता सगळे म्हणतात, फसलास.” वसुंधराला ते लागलं. “तू घाई करतोस. हे किल्ली अर्धी फिरवून थांबायचे. मी डबा दिल्यावरच चालू करायचे.” विपुल किल्ली अर्धी फिरवून थांबला. स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागून विझला. इंजिन पहिल्या फटक्यात धडधडलं. “हात्तिच्या! काका इंजिनचा हीटर तापायची वाट बघायचे होय!” इतकी वर्षं तिला वाटायचं, नवरा आपल्यासाठी थांबतो. गाडी गेली. भाकरी थापताना तिचा हात थबकला. दिवा तर दोन श्वासांत विझला होता. ती रोज गाडीचं दार वाजल्यावरच शेवटची भाकरी थापायला घ्यायची, मग डबा भरायची.