लाल रेघ

बोल्ट ट्रॅकच्या कडेला गवतात सापडला. आता तो गॅरेजमधल्या टेबलावर एका फडक्यावर पडला होता आणि मिनेगिशी मोटर्सची नऊ माणसं भोवती उभी होती. बाहेर शर्यत चालूच होती. दुसऱ्यांच्या गाड्या समोरून किंचाळत जात, तेवढा वेळ कोणालाच बोलता येत नव्हतं.

चाळीस वर्षं दोन माणसांच्या देखण्या वेगवान गाड्या बनवणारी ही छोटी कंपनी पहिल्यांदाच चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली होती. सतरा तास गाडी पळाली. सकाळी आठला पुढचं डावं चाक निखळलं आणि ती भिंतीवर जाऊन आदळली; ओढून आणलेली ती मोडकी गाडी आता टेबलामागेच उभी होती. चालक नान्जो कोपऱ्यात स्टुलावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. वाचला हेच खूप. सहा आठवड्यांनी पुढची शर्यत होती आणि तिथेही गाडीत तोच बसणार होता.

"कोणाचा बोल्ट हा?" मिसाकीबाईंनी विचारलं. कंपनी त्यांच्या वडिलांनी काढलेली.

खरं तर विचारायची गरजच नव्हती. बोल्टच्या डोक्यावर रंगाच्या दोन रेघा होत्या. पांढरी आवळणाऱ्याची, लाल तपासणाऱ्याची. पांढरी ओगिनोंची आणि लाल हिदाकाची.

ओगिनो त्रेसष्ट वर्षांचे. मोजणारा पाना त्यांनी कधी हातात धरला नाही, साध्या पान्यानेच आवळायचे. नव्या वर्षी कारखाना उघडला की पोरं हौसेने त्यांचा एखादा बोल्ट मोजून बघत. काटा बरोबर ठरल्या आकड्यावर असे. बाकी वर्षभर मोजायचं काम हिदाकाचं. मोजणारा पाना लावायचा, ठरलेला जोर भरला की तो 'टक्' असा वाजतो, मग लाल रेघ मारायची.

"चूक माझी," हिदाका कमरेत वाकून म्हणाला. "मी पाना लावला होता, बाई. घाईत आवाज नीट ऐकला नसेल. मास्तरांचा यात काही दोष नाही."

"खोटं बोलू नकोस," ओगिनो म्हणाले. "लावलाच नव्हतास."

बाहेरून एक गाडी गेली. सगळे थांबले.

"कधीच लावत नाहीस. पाठमोरा असलो म्हणून काय बहिरा आहे मी? टक् झालं तर ऐकू येतं. नाही झालं तर तेही ऐकू येतं."

हिदाका वाकलेलाच होता. "तुमच्या बोल्टवर पाना कसा लावू, मास्तर? सोळा वर्षं तुमच्या हाताखाली काढली मी."

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. ओगिनोंचं काम मोजून बघणं म्हणजे आईने वाढलेला भात तिच्यासमोर हुंगून बघणं. त्या कारखान्यात ते कोणीच केलं नसतं.

"आणि मला ते बरं वाटायचं," ओगिनो म्हणाले. "तेच सांगायचंय." त्यांनी उजवा हात वर केला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. बोटं हलत होती. "फेब्रुवारीपासून हा हात माझा राहिलेला नाही. चॉपस्टिक सुटतात. घरी चमच्याने जेवतो. बायको विचारते, तर तिच्यावरच डाफरतो."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?" मिसाकीबाई म्हणाल्या.

"वाटलं, लाल रेघ आहेच की." त्यांनी हात खाली घेतला. "ती नुसता रंग आहे हे ठाऊक असून."

नान्जोने मान वर केली. "त्या रेघा बघून मी आत बसतो, ओगिनो-सान," तो म्हणाला. "दर वेळी. गाडीभोवती एक फेरी मारतो, रेघा बघतो, मग बसतो."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. ओगिनो त्याच्यापुढे वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. सरळ झाले तेव्हा म्हणाले, "हिदाका, मोजणारा पाना घे. उजवं चाक बघ."

"मास्तर, नको. इथे सगळ्यांसमोर…"

"सगळ्यांसमोरच."

हिदाका गुडघ्यावर बसला. पहिला बोल्ट, टक्. दुसरा, टक्. त्याने सोडलेला श्वास मागच्यांनाही ऐकू आला. तिसऱ्यावर पाना लावला आणि जोर दिला, तर पाना फिरला. आवाज नाही. आणखी थोडा फिरला. हिदाकाचा हात जागीच थांबला.

"थांबलास का? टक् होईपर्यंत आवळ."

आणखी पाव फेऱ्यानंतर टक् झालं. सवयीने हिदाकाचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. ओगिनोंनी तो धरला. मग खाली बसून, थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने त्यांनी बोल्टवरची आपली पांढरी रेघ पुसली, शेजारची लालही. डाव्या हाताने खिशातलं पांढरं पेन काढलं, टोपण दातांनी उघडलं आणि पेन हिदाकापुढे धरलं.

"आवळलास तू. पांढरी तुझी."

हिदाकाने ते दोन्ही हातांनी घेतलं. रेघ वाकडी आली.

"मग लाल कोण मारणार?" मिसाकीबाईंनी विचारलं.

ओगिनोंनी डोक्यावरची कंपनीची टोपी काढली आणि टेबलावर बोल्टशेजारी ठेवली.

"असा कोणीतरी बघा," ते म्हणाले, "जो हिदाकाचा मान ठेवणार नाही."