लख्ख नाणं
श्रावणातल्या त्या रविवारी योगिनीच्या आईनं बांधावरून ओटीभर अळंबी खुडून आणली. भाजीला उकळी येताच तिनं नेहमीसारखं देव्हाऱ्यातलं चांदीचं नाणं पातेल्यात सोडलं. विषारी अळंबीनं चांदी काळी पडते, ही तिच्या सासूची शिकवण. नाणं योगिनीनं पहिल्या पगारातून आणलेलं. "बघ, कसं लख्ख हाय! माझ्या लेकीचं नाणं मला फसवील का?" आई हसली. ही परीक्षा खोटी, हे योगिनीनं वाचलं होतं. पण "आता तू शिकव मला रांधायला," हा टोमणा नको, म्हणून ती गप्प राहिली. "मला नाशिकची बस गाठायचीय," म्हणत न जेवताच निघाली. सोमवारी आईला उलट्या सुरू झाल्या. गुरुवारी ती गेली. तेराव्याला देव्हाऱ्यातलं नाणं तसंच लख्ख होतं. ते मुठीत आवळून ती फोटोपुढे म्हणाली, "आई, मला ठाऊक होतं, म्हणूनच जेवले नाही."