खळ्याची जागा

मथुराआत्यानं चपला काढल्या, तशी टबाभोवतीची पोरं टाळ्या वाजवू लागली. वाइनरीच्या अंगणात द्राक्षं तुडवायचा खेळ रंगला होता. ही आजीही आता नऊवारी सावरून टबात उतरणार, असंच सगळ्यांना वाटलं.

आत्या मात्र टबाला वळसा घालून पुढं गेली, वाकली आणि फरशीला लावलेला हात तिनं कपाळाला टेकवला.

"इथं आपलं खळं होतं," ती सोबत आलेल्या भाच्याला, दौलतला म्हणाली. "तुझा बाप भर उन्हातसुद्धा पायताण बांधावर काढायचा, मगच गव्हाच्या राशीपाशी यायचा."

बाप गेल्यावर रान या वाइनरीवाल्यांना विकलं, तेव्हा आत्याची समजूत काढायला दौलतच म्हणाला होता, 'खळं तसंच ठेवणार आहेत ते.' तेव्हापासून ती आज पहिल्यांदा आली होती.

"कुठवर होतं गं?"

"तू उभा आहेस ना, तिथं मधला खांब. त्याच्याभोवती बैल फिरायचे."

तो खाली बसून बूट काढू लागला. तेवढ्यात झाडू घेऊन एक कामगार धावत आला. "साहेब, बूट राहू द्या. आत्ताच ग्लास फुटलाय इथं."

दौलतनं दचकून पाहिलं. आत्या अनवाणीच, बैल फिरायचे तशी गोल चालायला लागली होती. तो गुडघ्यांवर तिच्यापुढं सरकला आणि तळहातानं फरशी झाडत काचा मुठीत वेचू लागला.

"काय वेचतोस रे?"

"दाणे," मूठ झाकत तो म्हणाला. "सांडलेत, आत्या."