एक ओरखडा नाही

शेजारच्या मकरंदची गाडीमागे जोडायची कॅरव्हॅन गोकर्णहून चिखलाने माखून राजाजीनगरात परतली, आणि नंदकिशोरकाकांच्या पोटात दुखू लागलं. जन्मभर सरकारी कारखान्यात धातू तपासलेले काका. त्यांनी किल्लीने कॅरव्हॅनच्या अंगावर टकटक केलं.

“आत लाकडी सांगाडा? दोन पावसाळ्यांत कुजेल रे! आमची बघ, बोम्मसंद्र्याच्या वर्कशॉपमध्ये समोर उभं राहून करून घेतलीय. अख्खी ॲल्युमिनियमची. इतकी वर्षं झाली, एक ओरखडा नाही.”

“सरी, बरं काका, कुजेपर्यंत हिंडून घेतो,” मकरंद हसला.

तेवढ्यात सुलभाकाकूंनी खिडकीतून हाक मारली, “अहो, आपल्या कॅरव्हॅनमधून लोणच्याची बरणी आणा. दार जपून उघडा हं, चाकातून वर चढलेला जाईचा वेल तुटेल.”